दोनशे तासांचा परवाना हातात, पुढे काय? कोकणातल्या नव्या पायलटांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतीत घरी आलो की पडवीत टेकायच्या आत कुणीतरी मुलाला घेऊन हजर असतं. "ह्येचा सीपीएल झाला. आता फुडे काय करूचा ता सांग." सीपीएल म्हणजे कमर्शियल पायलट लायसन्स, पगारावर विमान उडवायचा परवाना. मग चहा होतो, पोह्याचे लाडू होतात आणि तेच पंधरा-सोळा प्रश्न होतात. मी देवगड तालुक्यातला. फेब्रुवारी २०२० मध्ये परवाना मिळाला, आणि पुढच्या महिन्यात सगळ्या देशातली विमानं जमिनीवर आली. पहिली एअरलाइनची नोकरी लागायला सव्वीस महिने गेले. आज एटीआरवर, म्हणजे पंख्याच्या छोट्या प्रवासी विमानावर, फर्स्ट ऑफिसर (को-पायलट) आहे. दरवर्षी तोंडी सांगतो ते यंदा लिहून काढलंय. नियम बदलत राहतात, तेव्हा अर्ज भरण्याआधी डीजीसीएच्या, म्हणजे परवाने देणाऱ्या सरकारी खात्याच्या, संकेतस्थळावर एकदा बघाच.

परवाना मिळाला म्हणजे नोकरी पक्की ना?

नाही. सीपीएल म्हणजे रांगेत उभं राहायचा पास. दोनशे तास उडालात, त्यातले शंभर पायलट-इन-कमांड (विमानाचे प्रमुख) म्हणून, तीनशे सागरी मैलांची क्रॉस-कंट्री, म्हणजे लांब पल्ल्याची फेरी, केलीत, रात्रीची लँडिंग केलीत, पेपर सुटले, आरटीआर, म्हणजे रेडिओवर बोलायचा परवाना, सुटलं. हे सगळं तुमच्या शेजारी उभ्या असलेल्या पोरानेही केलंय. डीजीसीएने २०२२ साली १,१६५ सीपीएल दिले, २०२३ साली १,६२२. त्या सगळ्यांचं लॉगबुक, म्हणजे उड्डाणांची नोंदवही, साधारण तुमच्यासारखंच दिसतं.

पण पेपरात तर रोज येतं की पायलट कमी पडतायत!

येतं, आणि खोटं नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० विमानांची ऑर्डर दिली, जूनमध्ये इंडिगोने ५०० ची. हे आकडे वाचूनच अर्ध्या कोकणातल्या बापांनी पोरांना सायन्सला घातलं. पण ती विमानं येणार कित्येक वर्षांत वाटून, आणि प्रत्येक विमानाला आधी लागतो कॅप्टन. कॅप्टन व्हायला एटीपीएल, म्हणजे सीपीएलच्या वरचा परवाना, लागतं आणि एटीपीएलला दीड हजार तास. नोव्हेंबर २०२५ मध्ये पायलटांच्या विश्रांतीचे नवे नियम पूर्ण लागू झाले आणि डिसेंबरात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. तेव्हाही मला फोन आले, "आता भरती निघतली मां?" अहो, पायलट कमी पडला म्हणून उद्या सकाळी दोनशे तासांच्या मुलाला बसवता येत नाही. त्याला टाइप रेटिंग, म्हणजे त्या जातीच्या विमानाची पात्रता, मग विमानावरची लँडिंग, मग देखरेखीखालची लाइन फ्लाइंग, म्हणजे प्रवाशांसह नेहमीची उड्डाणं. आज घेतलेला मुलगा रोस्टरवर खऱ्या अर्थाने उपयोगी पडायला कित्येक महिने जातात.

म्हणजे टंचाई आहे ती शिडीच्या वरच्या पायरीवर. गर्दी आहे खालच्या पायरीवर.

मग किती थांबावं लागतं?

माझे सव्वीस महिने. माझ्या बॅचमधल्या एकाला आठ, दुसऱ्याला चार वर्षं. तिसरा आता मालवणात स्कूबाची बोट चालवतो आणि बरा कमावतो. कोण किती थांबणार हे तुमच्या हुशारीपेक्षा बाजारावर जास्त ठरतं. विमान कंपन्या बुडतात: २०१२ ला किंगफिशर बसली, एप्रिल २०१९ ला जेट, मे २०२३ ला गो फर्स्ट. दर वेळी अनुभवी माणसं बाहेर पडली आणि रांगेत तुमच्यापुढे येऊन उभी राहिली. त्यांना टाइप आहे, तास आहेत. कंपनी आधी त्यांना घेणार, यात अन्यायही नाही.

मला जो सांगायचा आहे तो मुद्दा इथे येतो. घरात बजेट होतं ते परवान्यापर्यंतचं: अकॅडमीची फी, राहणं, परीक्षा, मेडिकल. परवाना मिळाला की खर्च संपला असं सगळे धरतात. प्रत्यक्षात वाट बघण्याचाही खर्च असतो, तो दर वर्षी येतो, आणि तो कुणी मांडलेला नसतो. शिकायला घालतानाच दोन वर्षांच्या वाट बघण्याचे पैसे वेगळे ठेवा. जमत नसेल तर एक वर्ष उशिरा सुरू करा.

वाट बघताना नेमका खर्च कशावर होतो?

क्लास वन मेडिकल, म्हणजे पायलटाचा तब्येतीचा दाखला, चाळिशीच्या आत बारा महिने चालतं. इन्स्ट्रुमेंट रेटिंगही (आयआर, म्हणजे बाहेरचं न बघता नुसत्या उपकरणांवर उडायची पात्रता) बारा महिने. म्हणजे नोकरी असो-नसो, वर्षातून एकदा डॉक्टर आणि एकदा आयआर चेक. सीपीएलची मुदत ऑक्टोबर २०२३ पासून पाचाची दहा वर्षं झाली, तेवढी एक डोकेदुखी गेली. इंग्रजीच्या प्रावीण्याचा शेरा लेव्हल चारचा असेल तर तोही ठराविक वर्षांनी पुन्हा घ्यावा लागतो. जमलं तर पहिल्यांदाच वरची लेव्हल काढा. त्याशिवाय हात चालू राहावा म्हणून अधूनमधून दोन-चार तास उडायचं, तासाला पाच आकडी बिल. मुलाखतीआधी सिम्युलेटरचा सराव. मुंबई-दिल्लीच्या फेऱ्या.

यात वाचवता येतं ते असं. आयआर चेक आणि उडण्याचे तास एकत्र बांधा, म्हणजे एकाच मुक्कामात दोन्ही होतात. मेडिकल आणि आयआर एकाच महिन्यात संपू देऊ नका. आयआर जून ते सप्टेंबरमध्ये संपत असेल तर मे महिन्यातच करून टाका. पावसात ट्रेनिंगची विमानं दिवसचे दिवस हँगरमध्ये उभी असतात आणि तुम्ही लॉजच्या खोलीचं भाडं भरत ढग बघत बसता. मी एकदा बसलोय. अकरा दिवस. बाविसाव्या मिनिटाला उरकणाऱ्या चेकसाठी.

फुकट होण्यासारखं एक काम होतं ते मी केलं. इंटरनेटवरून एअरबस ३२० च्या कॉकपिटचं चित्र घेतलं आणि कणकवलीत वाढदिवसाचे बॅनर छापणाऱ्याकडून ते खऱ्या मापात फ्लेक्सवर काढून आणलं. तो म्हणाला, "फोटो कोणाचो टाकू?" पडवीच्या भिंतीला वरचं पॅनल, समोर बाकड्यावर खालचं, बसायला आंब्याची पालथी पेटी. रोज संध्याकाळी तासभर बोट लावून फ्लो, म्हणजे ठरलेल्या क्रमाने बटणांवरून हात फिरवणं, करायचे, तोंडाने चेकलिस्ट म्हणायची. आईला वाटायचं पोराच्या डोक्यावर परिणाम झाला. बाबा पेट्या मोजताना मधेच विचारायचे, "आज खंय उतारलं?" शेवटी मिळालं एटीआर, तेव्हा त्यातलं एकही बटण उपयोगी पडलं नाही. पण क्रमाने हात फिरवायची सवय पडली, ती पडली.

टाइप रेटिंग स्वतःच्या पैशाने करून घेऊ का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात महाग प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

टाइप रेटिंग म्हणजे एका ठराविक जातीचं विमान उडवायची पात्रता. इंडिगो आणि एअर इंडियाकडे मुख्यतः एअरबस ३२० चं कुटुंब. अकासा आणि स्पाइसजेट बोइंग ७३७ वाल्या. अलायन्स एअर आणि गोव्याची फ्लाय ९१ एटीआर ७२ वर चालतात. ३२० चं रेटिंग स्वखर्चाने करायचं तर पंधरा ते पंचवीस लाखांच्या घरात जातं, परदेशात केलं तर विमानाचं तिकीट आणि राहणं वेगळं.

लोकांचं गणित असं: रेटिंग असलं की रांगेत पुढे. काही वेळा हे खरं ठरतं. एखादी कंपनी जाहिरातीत 'टाइप रेटेड' असं लिहून भरती काढते, तेव्हा तुम्ही आत आणि बाकीचे बाहेर. पण ती जाहिरात कधी येईल, त्याच विमानासाठी येईल का, हे आज कुणालाच माहीत नाही. आणि रेटिंग हे लोणच्यासारखं बरणीत घालून ठेवायची वस्तू नाही. एअरलाइनमध्ये आम्हाला दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरवर प्रोफिशियन्सी चेक द्यावा लागतो. घरी बसलेल्याचं रेटिंग शिळं होतं, मग पुन्हा रिफ्रेशर, पुन्हा पैसे. दीड वर्षापूर्वी रेटिंग केलेला मुलगा मुलाखतीत हायड्रॉलिक सिस्टिमवर अडखळला, तर त्याचं रेटिंग त्याच्या विरोधात जातं. रेटिंग नसलेल्याला तोच प्रश्न कुणी विचारलाही नसता.

माझं मत स्पष्ट आहे. हातात कंपनीचं पत्र असेल, म्हणजे 'अमुक टाइप करून या, आम्ही घेतो' असं लेखी, तर कर्ज काढूनही करा. पत्र नसेल तर ते पैसे वाट बघायला वापरा. वीस लाखांत मेडिकल, आयआर, उडणं, प्रवास असं सगळं धरून कित्येक वर्षं निघतात.

अपवाद एकच: घरी पैसा खरोखरच जास्तीचा आहे आणि एखाद्या कंपनीची टाइप-रेटेड भरती नुकतीच चालू झाली आहे. तेव्हा उडी मारायला हरकत नाही. माझ्या ओळखीच्या एकाने मारली आणि नीट उतरला. तशीच उडी मारून तीन वर्षं हप्ते भरत बसलेले मात्र मला चार-पाच जण माहीत आहेत.

कॅडेट प्रोग्राम बरा की स्वतंत्र सीपीएल?

मोठ्या एअरलाइनचे कॅडेट प्रोग्राम असतात. त्यात निवड आधी होते, ट्रेनिंग त्यांच्या ठरलेल्या अकॅडमीत, टाइप रेटिंगही त्यातच, आणि शेवटी अटींसह नोकरी. एकूण खर्च स्वतंत्र वाटेपेक्षा बराच जास्त, पण वाट बघण्याचा धोका कमी. परवाना आधीच काढून बसलेल्यांना हा प्रश्न आता लागू नाही. बारावीतल्या मुलांच्या पालकांनी मात्र दोन्हींची बेरीज कागदावर मांडावी, आणि स्वतंत्र वाटेच्या बाजूला दोन वर्षांची वाट बघणं धरायला विसरू नये.

एअरलाइनची निवड कशी होते?

कंपनीगणिक क्रम बदलतो, पण साधारण लेखी परीक्षा, संगणकावरची ॲप्टिट्यूड, मानसशास्त्रीय चाचणी, कधी गटचर्चा, सिम्युलेटर चेक आणि मुलाखत. लेखीची तयारी सगळे करतात. ॲप्टिट्यूडमध्ये एका हाताने ठिपका धरून ठेवायचा आणि त्याच वेळी कानात आलेले आकडे लक्षात ठेवायचे, असले प्रकार असतात. सरावाशिवाय गेलात तर पहिल्या पाच मिनिटांत घाम फुटतो.

सिम्युलेटरमध्ये तुम्हाला जेट येतं का हे बघतच नाहीत, तुम्ही दोनशे तासांचेच आहात हे त्यांना ठाऊक असतं. बघतात ते हे: ठराविक पॉवर, ठराविक पिच (नाकाचा कोन) लावून विमान स्थिर करता का, दोनशे फूट वर गेलात तर सावकाश परत आणता की झटका देता, आणि चूक दाखवली तर पुढच्या फेरीत ती कमी होते का. माझ्या चेकमध्ये मी हेडिंग, म्हणजे विमानाची दिशा, पंधरा अंश सोडलं. परीक्षक काही बोलले नाहीत. मीच म्हणालो, "हेडिंग सुटलंय, करेक्ट करतोय." बाहेर आल्यावर ते म्हणाले, तेवढं एक वाक्य ऐकायला आम्ही बसलेलो असतो.

मुलाखतीत गावाचं नाव वाचून मला विचारलं, पावसाळ्यात तुमच्या किनाऱ्यावर विमान उतरवणं अवघड का? याला पुस्तक लागलंच नाही. अरबी समुद्रावरून ओलं वारं येतं, पुढे सह्याद्री आडवा, वारं वर चढतं, ढग धरतात. त्यात आमचं चिपी, सिंधुदुर्गचा विमानतळ, सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर. खाली परुळ्याच्या रस्त्यावर नुसता ढगाळ दिवस असतो आणि वर पठारावर तोच ढग धुकं होऊन धावपट्टीवर बसलेला असतो. लहानपणी गुरांमागे सड्यावर गेलेल्या कुठल्याही पोराने हे पाहिलेलं असतं. हवामानशास्त्राचा पेपर असा घरच्या अंगणातून वाचा, जास्त लक्षात राहतो.

पहिल्या मुलाखतीत नापास झालो. परत बोलावतात का?

बोलावतात, पण बऱ्याच कंपन्या मधे काही महिने थांबायला लावतात. म्हणून 'जाऊन तर बघू, अनुभव होईल' या विचाराने तयारीशिवाय जाऊ नका.

कोकणातच राहून उडता येईल का?

विमानतळ जवळ असणं वेगळं आणि तिथे बेस, म्हणजे पायलट जिथून ड्युटी सुरू करतो ते ठाणं, असणं वेगळं. चिपीचं उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ ला झालं तेव्हा आमच्याकडे मिठाई वाटली गेली, जणू दर घरातला एकेक पायलट उद्यापासून कामाला लागणार. चिपीला विमान येतं आणि परत जातं; त्याचे पायलट रात्री दुसऱ्याच शहरात झोपतात. रत्नागिरीला तटरक्षक दलाचा तळ आहे, प्रवासी वाहतुकीचं काम सुरू आहे. गोव्याचं दाभोळी नौदलाचं आहे, तिथे नागरी विमानं त्यांच्या शेजारी उतरतात. गोव्याचा दुसरा विमानतळ मोपा जानेवारी २०२३ पासून चालू, आणि मार्च २०२४ मध्ये उडू लागलेली फ्लाय ९१ गोव्याचीच कंपनी. दक्षिण सिंधुदुर्गातल्या माणसाला घराजवळची म्हणता येईल अशी तीच. उत्तरेला उलव्याचा नवी मुंबई विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झाला. पनवेल-पेण-अलिबागच्या मुलांना पुढे त्याचा फायदा होईल.

पण पहिल्या नोकरीला बेस मागू नका. कंपनी कोलकात्याला पाठवेल, कोलकात्याला जा. मासे तिथेही मिळतात, गोड्या पाण्यातले असले तरी.

जुहूहून बॉम्बे हायला हेलिकॉप्टरं जातात. तिथे लावता येईल?

नाही. तो हेलिकॉप्टरचा सीपीएल, पूर्ण वेगळा परवाना. तुमचा विमानाचा.

चार्टर कंपन्या नवख्यांना घेतात का?

घेतात, फार थोड्या, आणि जाहिरात क्वचितच देतात. किंग एअरसारख्या दोन इंजिनांच्या विमानावर को-पायलट लागतो. निवडणुका आल्या की पुढाऱ्यांची फिरती वाढते आणि अचानक माणूस हवा असतो. मुंबईत कलिन्याच्या बाजूला जनरल एव्हिएशनचा कारभार आहे. ओळखीतून नाव पुढे जातं, म्हणून अकॅडमीतले सीनिअर, इन्स्ट्रक्टर, इंजिनिअर यांच्याशी संबंध ठेवा. इंजिनिअर तर विशेष. कुठल्या कंपनीत विमान नवीन येतंय हे त्याला मॅनेजरच्या आधी कळतं.

जायच्या आधी दोन गोष्टी विचारा: पगार वेळेवर होतो का, आणि महिन्याला तास किती होतात. वर्षभर ब्रीफकेस उचलून साठ तास झाले तर फार काही हाती लागलं नाही.

इन्स्ट्रक्टर होणं म्हणजे मागे पडणं का?

मी चौदा महिने होतो, खानदेशात. असिस्टंट फ्लाइट इन्स्ट्रक्टरचं रेटिंग काढायला पुन्हा अभ्यास लागतो आणि पॅटर पाठ करावा लागतो, म्हणजे उडवता उडवता शिकवण्याचं ठरलेलं बोलणं. पगार कमी. धुळे, शिरपूर, जळगाव, बारामती, गोंदिया अशा ठिकाणी राहायचं, मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत. समुद्राकाठच्या माणसाला ती हवा सोसत नाही; मी पहिल्या आठवड्यात नाकातून रक्त काढून घेतलं.

पण वाट बघण्याचा खर्च भरून काढून वर दोन पैसे देणारा हा एकच मार्ग मला सापडला. मी दोनशे तासांवर गेलो आणि सहाशेवर बाहेर पडलो. शिवाय दुसऱ्याचं वाकडं लँडिंग हात न लावता, तोंडाने सरळ करायला शिकलो. विद्यार्थी फ्लेअर, म्हणजे टेकण्याआधी नाक वर उचलणं, उशिरा करतोय, जमीन वर येतेय, कंट्रोल घ्यावं की अजून अर्धा सेकंद थांबावं, हे रोज वीस वेळा ठरवायचं. त्यानंतर सिम चेक म्हणजे काहीच वाटलं नाही. एअरलाइनवाले इन्स्ट्रक्टरचे तास कमी लेखतात असं काहीजण सांगतात. मला तसा अनुभव आला नाही.

दुसरी कुठली नोकरी केली तर चालेल?

चालेल. फ्लाइट डिस्पॅच, अकॅडमीत ग्राउंड इन्स्ट्रक्टर, विमानतळाच्या ऑपरेशन्समध्ये काम, हे सगळं मुलाखतीत चांगलं दिसतं. ड्रोनचं प्रमाणपत्र काढून सर्व्हेची कामं करणारेही आहेत. घरची बाग बघितली असेल तर तेही सरळ सांगा. 'मोहोर आला तेव्हा फवारणी मी बघितली, हिशोब मी ठेवला' हे ऐकायला कुणालाही आवडतं. 'दोन वर्षं तयारी करत होतो' एवढंच सांगणाऱ्याकडे मात्र संशयाने बघतात.

तटरक्षक दलात सीपीएलवाल्यांना घेतात म्हणे?

त्यांच्या शॉर्ट सर्व्हिस, म्हणजे ठराविक वर्षांच्या नोकरीच्या, भरतीत सीपीएलधारकांसाठी वेगळी वाट पूर्वी निघालेली आहे. वयाची आणि बारावीच्या टक्क्यांची अट असते. त्यांच्या जाहिरातींवर नजर ठेवा, रत्नागिरीच्या पोरांनी तर नक्कीच.

एक माणूस पाच लाखांत नोकरी लावतो म्हणतो.

दारातूनच परत पाठवा. मोठ्या एअरलाइन स्वतःच जाहीर करतात की भरतीसाठी पैसे घेत नाही. असाच दुसरा सल्ला येईल: लॉगबुकात तास वाढवून लिहा. याला आमच्यात 'पार्कर पेनचे तास' म्हणतात, विमानाऐवजी पेन उडतं. २०११ साली खोट्या मार्कशीटवर परवाने काढलेल्या पायलटांना अटक झाली होती, त्यानंतर तपासणी कडक झाली. विमानाचं टेक लॉग, म्हणजे त्याची स्वतःची नोंदवही, आणि तुमचं लॉगबुक जुळवून बघायला फार वेळ लागत नाही.

कर्जासाठी सातबारा तारण चालतो का? (हा प्रश्न वडिलांचा)

काका, साधारण साडेसात लाखांच्या वर शैक्षणिक कर्जाला बँक तारण मागते. बऱ्याच बँकांना बिनशेती मालमत्ता हवी असते, म्हणजे घर, प्लॉट, मुदत ठेव. बागेचा सातबारा नेलात तर आधी नावं मोजतात. आमच्या उताऱ्यावर सतरा नावं होती, त्यातली चार वारलेली आणि दोन बोरिवलीत, एकमेकांशी न बोलणारी. शेवटी मामाच्या कुडाळच्या फ्लॅटवर काम झालं.

हप्ता कधी सुरू होतो ते नीट वाचा. साधारणपणे कोर्स संपल्यावर एक वर्षाची सवलत असते आणि त्या काळातही व्याज चढत असतं. मला नोकरी लागली सव्वीसाव्या महिन्यात. मधले महिने बाबांनी हापूसच्या पैशातून भरले, आणि त्यातलं एक वर्ष वादळाचं होतं.

मुलगी आहे. घेतात का?

घेतात. भारतात महिला पायलटांचं प्रमाण साधारण पंधरा टक्के आहे, जगाच्या सरासरीच्या कितीतरी वर. मुलाखत तीच, सिम तेच. हा प्रश्न विचारणारे बहुतेक वेळा शेजारी असतात, मुलगी स्वतः विचारत नाही.

कागदपत्रांत काय अडतं?

नाव. कोकणात ही भानगड फार. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव एक, आधारवर गावावरून पडलेलं दुसरं, पासपोर्टवर वडिलांच्या नावाचं स्पेलिंग तिसरंच. डीजीसीएच्या ई-जीसीए पोर्टलवर अर्ज अडकतो तो बहुधा इथे. पुढे विमानतळाच्या पाससाठी पोलीस व्हेरिफिकेशन होतं, तिथे पुन्हा तेच. बारावी व्हायच्या आत सगळं एका नावावर आणा. बारावीला फिजिक्स-मॅथ्स नसेल तर एनआयओएस या मुक्त शाळेच्या मंडळातून ते दोन विषय देता येतात. लॉगबुकाच्या प्रत्येक पानाचं स्कॅन करून ठेवा. पावसात पुस्तकाला बुरशी धरते.

अकॅडमी कुठली निवडू?

नाव सांगणार नाही. आमच्या अकॅडमीत दोन इंजिनांचं विमान एकच होतं, ते एका सुट्या भागासाठी चार महिने उभं राहिलं, आणि आम्ही नऊ जण त्याच्याभोवती बसून राहिलो. तेव्हा ब्रोशर बाजूला ठेवा आणि तिथे शिकणाऱ्या मुलांना चहाच्या टपरीवर गाठा: आज किती विमानं उडतायत, इन्स्ट्रक्टर किती, दोनशे तासांना प्रत्यक्षात किती महिने लागले. २०२५ पासून डीजीसीए फ्लाइंग स्कूलांचं वर्गीकरण वर्षातून दोनदा जाहीर करतं, तेही बघा. उगाच लांबलेला एकेक महिना तुमच्या वाट बघण्याच्या पैशातून जातो.

शिमग्यात थोडी घेतली तर?

ड्युटीच्या आधीचे बारा तास काहीही नाही, आणि ब्रेथलायझर शून्याशिवाय काही मान्य करत नाही. पहिल्यांदा सापडलात तरी तीन महिने परवाना निलंबित. माउथवॉशसुद्धा जपून. सोलकढी चालते.

तुम्हाला फोन केला तर चालेल का?

चालेल. घरी असलो तर रेंजसाठी सड्यावर जावं लागतं, म्हणून मेसेज टाका. नुसतं 'हाय दादा' नको. एकूण तास, दोन इंजिनांवरचे तास, मेडिकल कधी संपतं, आयआर कधी संपतं, एवढं पहिल्याच मेसेजमध्ये लिहा. शेवटची तारीख आठवत नसेल तर आधी ती शोधा, मग मला लिहा.